खो मिळेपर्यंत

१ एप्रिल २०१७ या दिवशी आमच्या बँकेची पाटी उतरली. शिडीवरच्या माणसानं एकेक बोल्ट सैल केला, दोघांनी मिळून पाटी खाली घेतली आणि तिच्यामागं भिंतीचा जुना रंग ताजाच्या ताजा निघाला. वर्षानुवर्षं त्या पट्ट्याला ऊन लागलंच नव्हतं.

'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' हे अख्खं नाव आमच्या मराठवाड्यात फारसं कुणी घेत नसे. लोहाऱ्याकडचे शेतकरी तिला 'हैदराबाद बँक'च म्हणत. निजामाच्या राज्यात १९४१ साली तिचा कायदा झाला. संस्थानाचं चलन तिनं सांभाळलं. पुढं संस्थान गेलं, चलन गेलं, बँक राहिली. आता तीही स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली होती. शाखेत सगळ्यांचं बोलणं चाललं होतं ते ज्येष्ठतेचं आणि बदल्यांचं. मी खिडकीशी उभा राहून वेगळाच हिशेब करत होतो. १ एप्रिल १९४१ ही स्टेट बँकेत नोकरी केलेले क्रिकेट कप्तान अजित वाडेकर यांची जन्मतारीख. त्यांचं साल आणि आमच्या बँकेचं साल एकच, आणि ते शहात्तर वर्षांचे झाले त्या दिवशी मी त्यांच्या बँकेतला माणूस झालो होतो.

हे मी तिथं कुणाला बोललो नाही. संध्याकाळी एसटीनं लोहाऱ्याला परतताना दोन्ही बाजूंना तुरीची काढून झालेली रानं होती, काळी माती भेगाळायला लागली होती, आणि माझ्या मनात एखाद्या लग्नघरी आमंत्रण आल्यासारखा आनंद होता. आयुष्यात ज्या माणसाला एकदाही भेटलो नाही, त्याच्याशी आपलं नातं कागदोपत्री झालं, याचा तो आनंद होता.

वाडेकर पहिल्यांदा माझ्या आयुष्यात आले ते रेडिओतून. २४ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मी दहा वर्षांचा. तिन्हीसांजा होऊन गेल्या होत्या, देवळात आरती आटोपली होती आणि आम्ही पोरं ओंजळी पुढं करून खिरापतीला उभी होतो. तेवढ्यात पलीकडच्या दुकानात गलका झाला. एकाच रेडिओभोवती सात-आठ डोकी. ओव्हलवर भारत चार गडी राखून जिंकला होता. इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवून मालिका जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मला ओव्हल म्हणजे काय ते कळलं नाही, गडी राखणं तेवढं कळलं, कारण आम्ही खो-खो खेळायचो. खिरापत हातात तशीच राहिली. वडील मला उचलून घेत म्हणाले, "आपला वाडेकर हाय तो. कप्तान." आणि मग, जणू हीच खरी थोरवी असल्यासारखं, "बँकेत नोकरीला हाय. नोकरी करून खेळतो."

त्या दिवशी ओव्हलच्या मैदानात प्रेक्षकांनी बेला नावाची हत्तीण फिरवली होती, चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली. चतुर्थीला गजाननाचं रूप म्हणून. हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. वाचलं तेव्हा आमच्या देवळातली ती संध्याकाळ आणि तिकडची दुपार एका धाग्यात ओवली गेली आणि पुन्हा कधी सुटी झाली नाही.

पण माझ्या मनात ठाण मांडून बसलं ते वडिलांचं दुसरं वाक्य. नोकरी करून खेळतो. आमच्या गावात बँकेचा माणूस म्हणजे जाळीपलीकडचा माणूस. पितळी टोकन हातात घेऊन आपण वाट बघायची आणि तो खाली मान घालून लिहीत असणार. त्या जाळीपलीकडच्या माणसानं इंग्लंड जिंकलं होतं.

त्या काळात क्रिकेटवर घर चालत नसे. खेळाडूला कुठल्या तरी कचेरीत नाव लावावं लागे, आणि मुंबईच्या कचेऱ्यांना आपल्या संघाचा अभिमान असे. टाइम्स शील्डच्या सामन्यांत कंपन्या आणि बँका एकमेकांसमोर उतरत. गावसकर निर्लॉनचे, वेंगसरकर टाटांचे, वाडेकर स्टेट बँकेचे. हैदराबादच्या मोईन-उद-दौला गोल्ड कपात स्टेट बँकेचा स्वतःचा संघ उतरे. ती स्पर्धा १९३० सालापासूनची, म्हणजे आमचं धाराशिव ज्या राज्यात होतं त्या राज्याच्या राजधानीतली. मैदान आणि मेज यांत तेव्हा भिंत नव्हती. सकाळी सही करून दुपारी पॅड बांधणारी माणसं होती ती.

वाडेकरांना खरं तर इंजिनिअर व्हायचं होतं. एल्फिन्स्टन कॉलेजात शास्त्र शाखेला असताना बसमध्ये बाळू गुप्ते त्यांना म्हणाले, आमच्या संघात बारावा गडी हो. दिवसाला तीन रुपये मिळत. आजच्या कोट्यवधींच्या लिलावांत हे तीन रुपये मला फार मोलाचे वाटतात. बारावा गडी म्हणजे पाणी नेणारा, बसून राहणारा, बोलावणं आलं तरच उठणारा. तिथून सुरुवात झालेल्या माणसानं प्रथम श्रेणीत पंधरा हजारांवर धावा केल्या, मुंबईकडून म्हैसूरविरुद्ध एका डावात ३२३, कसोटीत २,११३ धावा, वेलिंग्टनला १४३चं एकुलतं एक शतक. आकडे इथंच थांबवतो. आकड्यांचं काम मी सदतीस वर्षं केलं आहे आणि त्यांच्या मागं माणूस दडतो हे मला ठाऊक आहे.

माणूस दिसतो तो किंग्स्टनच्या कसोटीत. फेब्रुवारी १९७१. कप्तान म्हणून वाडेकरांचा तो पहिलाच सामना, आणि पहिला दिवस पावसात वाहून गेलेला. सरदेसाईंनी २१२ केल्या, भारताच्या ३८७ झाल्या, वेस्ट इंडिज २१७ला गुंडाळली. आघाडी १७०ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला २०० लागतात. पण पहिला दिवस गेला की सामना चार दिवसांचा धरायचा आणि मग १५० पुरतात. हा नियम वाडेकरांच्या ध्यानात होता. ते वेस्ट इंडिजचे कप्तान सोबर्स यांच्या ड्रेसिंग रूमपर्यंत गेले आणि शांतपणे सांगून आले की तुम्ही पुन्हा फलंदाजीला या. वेस्ट इंडिजवर भारतानं फॉलोऑन लादण्याची ती पहिली वेळ. सामना अनिर्णित राहिला, पण पुढं पोर्ट ऑफ स्पेनला भारत जिंकला आणि मालिकाही जिंकली.

हा प्रसंग वाचला की मला परिपत्रकं आठवतात. बँकेत रोज परिपत्रकं येतात. बहुतेक माणसं सही करून पुढं सरकवतात. एखादाच असा असतो की जो तळटीप वाचतो, आणि सहा महिन्यांनी काउंटरवर पेच पडला की आवाज न चढवता सांगतो, याची तरतूद आहे. वाडेकरांच्या कप्तानीला पुष्कळांनी सावध, धीमी म्हटलं. मला ती तळटीप वाचणाऱ्या माणसाची कप्तानी वाटते. बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना, वेंकटराघवन यांच्यासारखे फिरकीपटू हाताशी असताना कप्तानाला मिरवायचा मोह होतो. ते स्लिपमध्ये उभे राहिले आणि चेंडू ज्याच्या हातात शोभेल त्याच्या हातात देत राहिले.

त्यांना कप्तान केलं विजय मर्चंटांच्या मतानं. निवड समितीत मतं विभागली, आणि अध्यक्ष म्हणून त्यांचं निर्णायक मत आधीचे कप्तान पतौडी यांच्याऐवजी वाडेकरांना पडलं. या मर्चंटांचंही मला फार कुतूहल आहे. प्रथम श्रेणी सामन्यांत ७१वर सरासरी, जगात ब्रॅडमनच्या मागोमाग नाव, आणि खेळ थांबल्यावर कापडगिरणीचा कारभार. हिंदुस्थान स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स, ठाकरसी समूहाची. सूत, साचे, हजेरीपट, कामगार. विविध भारतीवर ते क्रिकेटवर बोलत, आणि अपंगांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी मनापासून काम केलं. पुढं वाडेकरही दिव्यांग खेळाडूंच्या क्रिकेटसाठी झटले. गिरणीच्या मेजावरून उठून एका जुन्या फलंदाजानं बँकेच्या मेजावरच्या फलंदाजाच्या पाठीला हात लावला. आम्ही याला खो म्हणतो.

खो-खोबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मी सगळं त्याच खेळातून बघतो. मधल्या पाटीत आठ जण बसतात, एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून. नववा धावतो. एकदा दिशा धरली की त्याला खांबापर्यंत मागं वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पलीकडं जायचं तर बसलेल्याच्या पाठीला हात लावून खो द्यायचा. बसलेला उठतो, आणि जो धावत होता तो त्याच चौकोनात बसतो. बघणाऱ्यांचे डोळे धावणाऱ्यावर असतात. आमचे मास्तर मात्र बसलेल्यांकडं बघायचे. कुणाची टाच उचललेली आहे, कुणाचा हात जमिनीवर कसा टेकला आहे, कुणाचं लक्ष भटकलंय. बसता येत नाही त्याला धावता येत नाही, असं ते म्हणायचे आणि आम्हाला उन्हात, फक्कीनं आखलेल्या चौकोनांत नुसतं बसवून ठेवायचे.

ओव्हलच्या शेवटच्या सकाळी वाडेकर ४५वर, एकही धाव न वाढवता धावबाद झाले. १७३चं लक्ष्य होतं, अजून जवळजवळ शंभर धावा हव्या होत्या. ते आत आले आणि झोपून गेले. जिंकल्याचं सांगायला इंग्लंडच्या केन बॅरिंग्टननं त्यांना उठवलं. ही गोष्ट लोक त्यांच्या बेफिकिरीची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. आपला खो देऊन झालेला माणूस चौकोनात बसला होता.

मग १९७४. त्याआधी १९७२चा दुष्काळ येऊन गेला होता. आमच्याकडं विहिरींचे तळ दिसले, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, शाळेत सुकडी मिळायची ती आम्ही घरी धाकट्यांसाठी बांधून न्यायचो. दोन वर्षांनी, २४ जूनला, लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला. अवघ्या सतरा षटकांत. मालिका ०-३ गेली. इंदूरला १९७१च्या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची बॅट उभारली होती, तिची विटंबना झाली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं आणि त्यांनी खेळ सोडला. तेहतीस वर्षांचे होते.

त्याच पलीकडच्या दुकानासमोर ती बातमी ऐकून एकजण तावातावानं बोलायला लागला. वडील गप्प बसले होते. मग म्हणाले, "औंदा पीक गेलं म्हणून शेत कुणी इकतंय का?" खडी फोडून आलेल्या माणसाचे ते बोल होते. समोरचा गप्प झाला.

पुढची वर्षं ही माझ्या दृष्टीनं वाडेकरांच्या आयुष्यातली सगळ्यात जपून बघण्यासारखी वर्षं आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. ते बँकेतच राहिले. ज्याला अख्ख्या देशानं आधी विमानतळावर फुलांनी झाकलं आणि मग शिव्या घातल्या, तो माणूस पुन्हा मेजाशी बसला आणि चढत चढत वरिष्ठ अधिकारी झाला. ती सकाळ मी मनात पुष्कळदा उभी केली आहे. कचेरीचा जिना. वर बघणारी आणि बघून नजर वळवणारी सहकाऱ्यांची तोंडं. कागदांचा गठ्ठा. चहाचा कप कुणीतरी नेहमीपेक्षा हळुवार ठेवलेला. मी तिथं नव्हतो. पण कुठल्याही कचेरीतली अशी सकाळ मला माहीत आहे, कारण हरून परत आलेल्या माणसाला कामावर घेणारी जागा कशी असते ते मी पाहिलं आहे.

बँकेत दिवस टॅली झाल्याशिवाय घरी जाता येत नाही. संगणक येण्याआधी आठ आण्यांच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊपर्यंत व्हाउचरं उलटीपालटी करत बसलेलो आहोत. कुणी ओरडत नाही. ओरडून फरक सापडत नाही. पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज. कधीतरी एखाद्या एकाचा सात झालेला सापडतो, तारखेचा शिक्का पडतो, तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि पेटी बंद होते. दुसऱ्या सकाळी नव्या तारखेखाली पहिली नोंद होते. ४२चा आकडा घेऊन आलेल्या माणसाला रोज नवी तारीख घालणारं घर मिळालं, हे मला त्याच्या शतकाइतकं महत्त्वाचं वाटतं. क्रिकेटनं दार लावलं तेव्हा दुसरं एक दार आधीपासून उघडं होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या कामानं उघडं ठेवलं होतं.

मी १९८४ साली भरती मंडळाची परीक्षा देऊन बँकेत लागलो. जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळलो होतो, त्याच्या पुढं गेलो नाही. गुडघा दुखायचा, धाकटी भावंडं होती. पहिल्या दिवशी कॅशच्या खुर्चीवर बसलो तेव्हा वाटलं, संपलं. संध्याकाळी पाचला मैदानावर पाणी शिंपडल्याचा वास येतोय असा भास व्हायचा आणि हातात नोटांचं बंडल असायचं. त्या दिवसांत मी वाडेकरांची कात्रणं शोधून वाचायला लागलो. हा माणूस या खुर्चीत कसा बसला असेल, एवढंच मला हवं होतं.

१९९२ साली त्यांना भारतीय संघाचे व्यवस्थापक नेमलं. अठरा वर्षं बसलेल्या माणसाला पाठीमागून खो मिळाला. १९९३च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ आला तो ०-३ हरून गेला. १९७४चाच आकडा, उलट्या बाजूनं. १९९६च्या विश्वचषकापर्यंत ते संघासोबत होते. अझरुद्दीनच्या संघाशेजारी बसलेले वाडेकर मी दूरदर्शनवर पाहायचो. मांडीवर हात, चेहऱ्यावर काही नाही. वर्षानुवर्षं समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय त्या बसण्यात होती. मैदानातून थेट मैदानात आलेल्या माणसाला ती सवय लागायला वेळच मिळत नाही, असं माझं मत आहे.

त्याच १९९३ सालात ३० सप्टेंबरची पहाट आहे. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आमच्याजवळचं सास्तूर, पलीकडं किल्लारी, मातीदगडांची माळवदाची घरं माणसांवर बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याबद्दल इथं जास्त लिहवत नाही. एवढंच सांगतो की काही दिवसांनी काउंटरवर माणसं यायला लागली. पासबुक ढिगाऱ्याखाली गेलेलं, सही करणारा हात प्लास्टरमध्ये. एका म्हाताऱ्यानं जाळीतून आत बघत मला विचारलं, "जेवलाव का?" त्याच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी बसलोय ती जागा खेळाच्या आतच आहे. मी त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला, शाई पुसायला माझा रुमाल दिला, आणि नोटा दोनदा मोजल्या.

१५ ऑगस्ट २०१८ला वाडेकर गेले. रात्री उशिरा बातमी आली. सकाळी झेंडावंदनाला घातलेला पांढरा सदरा मी अजून बदलला नव्हता.

आता मी निवृत्त आहे आणि संध्याकाळी लोहाऱ्यात मैदानावर जातो. आमचा जिल्हा खो-खोचा जिल्हा. सारिका काळे इथलीच. २०१६ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कप्तान, २०२०ची अर्जुन पुरस्कार विजेती; खो-खोला तो पुरस्कार बावीस वर्षांनी मिळाला. हलाखीतून आलेली ही मुलगी तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. आमच्याकडच्या पोरींना तिचं सुवर्णपदक माहीत आहे आणि तिच्या टेबलावरची नावाची पाटीही माहीत आहे. दोन्ही गोष्टी त्या एकाच दमात सांगतात. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, त्या रात्री इथं फटाके वाजले.

सरावानंतर चार-पाच जणी माझ्याकडं गणितं घेऊन येतात. सरळव्याज, नफा-तोटा, काळ-काम-वेग. बँकेची परीक्षा, पोलीस भरती, जी निघेल ती. त्यातल्या एकीनं परवा विचारलं, "काका, नोकरी लागली की खेळ सुटतो ना?" तिच्या पायाला अजून माती होती. मी तिला वाडेकरांची गोष्ट सांगितली, किंग्स्टनच्या पावसाची आणि ओव्हलच्या झोपेची, ४२ची आणि दुसऱ्या सकाळच्या जिन्याची. तिनं वाडेकर हे नाव पूर्वी ऐकलं नव्हतं. ऐकून झाल्यावर तिनं गणिताची वही पिशवीत ठेवली आणि म्हणाली, अजून उजेड आहे, एक डाव खेळून येते.

पश्चिमेला आभाळ तांबडं झालं होतं. ती जाऊन मधल्या पाटीत पाचव्या चौकोनात बसली, माझ्याकडं पाठ करून. दोन्ही हात जमिनीला टेकले होते. उजवी टाच उचललेली होती. धावणारी खांबाला वळसा घालून येत होती, तिच्या पायांचा आवाज जवळ येत होता, आणि चौकोनातली मुलगी मागं वळून बघत नव्हती.